नावातलं 'त्स': एका चिनी अक्षराची फोड

शाईदौत
गेल्या दहा-पंधरा वर्षांत जन्मलेल्या चिनी मुलांच्या नावांत एक अक्षर सारखं भेटतं. सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाच्या २०२०च्या नाव-अहवालात मुलग्यांच्या पहिल्या दहा नावांत 'त्सहाव' होतं आणि मुलींच्या पहिल्या दहात 'त्सहान'. दोन्हींत पहिलं अक्षर एकच: 'त्स'. शब्दकोशात त्याचा अर्थ 'एक झाड' एवढाच सापडतो आणि विषय संपतो. पण झाडाच्या नावावरून कोणी एवढी बाळं बारशाला बसवत नाही, म्हणून हा धागा.

अनेक मोबाइलवर चिनी अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. तेव्हा अक्षर टंकत नाही, युनिकोड क्रमांक देतो: ६८९३. हाच क्रमांक इंग्रजी आकड्यांत टाकून शोधा, समोर येईल.

घडण अशी. डावीकडे 'लाकूड' हे चिन्ह, ४ रेघा. उजवीकडे 'शिन' नावाचं अक्षर, ७ रेघा. एकूण ११. सरलीकृत आणि पारंपरिक लिपीत रूप एकच, त्यामुळे तैवान आणि मुख्य भूमी यांच्या कागदपत्रांत निदान हे अक्षर तरी बदलत नाही. खांगशी या १७१६च्या चिनी शब्दकोशात अक्षरं २१४ मूलचिन्हांखाली लावलीत, त्यांत लाकडाचा क्रमांक ७५. छापील कोशात शोधायचं तर ७५व्या चिन्हाखाली '७ रेघा' या गटात बघायचं.

काढायचा क्रम: आधी लाकूड. आडवी, उभी, डावीकडे उतरती, आणि शेवटची उजवीकडे जाणारी रेघ आखडून नुसता ठिपका. ती पूर्ण लांब ओढली की शेजारच्या भागात घुसते आणि अक्षर दोन वेगळ्या अक्षरांसारखं फाकतं. मग शिन: वर ठिपका, आडवी, तिच्याखाली दोन छोट्या तिरक्या, लांब आडवी, छोटी आडवी, शेवटी उभी. तीन आडव्यांपैकी मधली सगळ्यांत लांब.

नेहमीची चूक: 'शिन' (युनिकोड ८एफ९बी) ऐवजी 'शिंग' (५ई७८) काढणं. शिंगला ८ रेघा आणि अर्थ सुदैव. शिनचा अर्थ तिखट, कष्टप्रद. वरचा भाग ठिपक्याने सुरू होतो की अधिकच्या चिन्हाने, एवढंच पाहायचं. ठिपका असेल तर शिन.

कानसेन
उच्चाराबद्दल लिहितो, कारण आपल्याकडे याचं सर्रास 'झी' होतं. रोमन लिपीत झेड-आय लिहितात, त्यातला झेड इंग्रजी नाही. तो अघोष, अल्पप्राण, दंतमूलीय. म्हणजे 'चाक', 'चोर', 'चांगला' यांतला आपला च. 'चार', 'चिमणी' यांतला नव्हे! हिंदी माणसाला हा ध्वनी शिकवावा लागतो, मराठी माणसाच्या तो तोंडात असतोच. फक्त देवनागरीत दोन्ही च एकसारखे दिसतात, म्हणून शाईदौत यांनी 'त्स' लिहिलंय ते योग्य.

पुढचा आय म्हणजे 'ई' अजिबात नाही. चाकातला च म्हणा, जीभ होती तिथेच ठेवा आणि नुसता घोष सुरू करा. मधमाशीसारखी बारीक गुणगुण येईल. तोच स्वर. ओठ ताणले की बिघडलं.

चिनीत आवाजाच्या चढ-उतारानेही शब्द बदलतो, त्याला सूर म्हणतात. इथे सूर तिसरा, खालचा. एकटं म्हटलं तर आवाज खाली जाऊन किंचित वर येतो. नावात मागे अक्षर असलं तर खालीच राहतो. 'त्सहान'मध्ये पहिलं खाली, दुसरं चढतं. मागचं अक्षरही तिसऱ्या सुराचं असेल, उदा. 'त्स-यू' (भाषा या अर्थाचा यू), तर पहिल्याचा सूर बदलून चढता होतो. लिहिताना मात्र खूण तिसऱ्याचीच राहते. इथे शिकाऊ लोक हमखास अडखळतात.

चिनी लोकही याचा उच्चार चुकवतात, तो वेगळ्या तऱ्हेने. अनोळखी अक्षर दिसलं की अर्धा भाग वाचून टाकायचा ही तिकडची जुनी खोड. उजवीकडे शिन दिसतो म्हणून 'शिनहान'. त्यात जस्त या धातूचं अक्षर म्हणजे धातूचं चिन्ह अधिक शिन, आणि त्याचा उच्चार खरोखरच शिन! त्यामुळे चूक अगदी पटण्यासारखी.

अवांतर: रोमन अक्षरं वरच्यासारखी चिनी पद्धतीने वाचली तर बीजिंगचं 'पेइचिंग' होतं. तो वाद इथे नको.

रानवाटा
झाडाबद्दल. शास्त्रीय नाव कॅटाल्पा ओव्हाटा, कुळ बिग्नोनिएसी. पानं हृदयाकार, मोठी, समोरासमोर किंवा एका पेऱ्यावर तीन. फुलं फिकट पिवळी, घशात जांभळे ठिपके. शेंगा २० ते ३० सेंमी लांब पण पेन्सिलीपेक्षा बारीक, आणि पानगळीनंतरही झाडावर लोंबत राहतात. लाकूड हलकं, कातायला-कोरायला सोपं, वाळताना फारसं वाकत नाही आणि लवकर कुजत नाही. पुढे जे काही अर्थ निघतील ते बहुधा या शेवटच्या वाक्यातून निघतील.

मराठीत याला नाव नाही, कारण झाड आपल्याकडचं नाही. कुळ मात्र ओळखीचं: दशमुळातला टेटू आणि पाडळ, रस्त्याकडेचा आकाशनिंब, जॅकरांडा, सगळे याचे भाऊबंद. म्हणून भाषांतरात 'टेटू' लिहू नये. टेटूची शेंग तलवारीसारखी रुंद असते, याची दोरीसारखी. 'साग' लिहिणं तर साफ चूक.

शू शन याने इ. स. १००च्या सुमारास रचलेल्या 'श्वोवन' कोशात याचा अर्थ दिलाय 'छ्योउ'. आणि छ्योउ शब्दाखाली बघावं तर अर्थ दिलाय 'त्स'. झालं समाधान! छ्योउ म्हणजे याच प्रजातीतलं दुसरं झाड, कॅटाल्पा बुंगेई. सहाव्या शतकातल्या 'छीमिन याओशू' या शेतीविषयक ग्रंथात भेद केलाय तो शेंगांवरून: फिकट आणि शेंगा धरणारा तो त्स. निरीक्षण चोख आहे. छ्योउला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, त्यामुळे एकटं झाड फुलतं पण शेंग लागत नाही.

सावळागोंधळ
दोन शंका. एक, 'शिन' हे मूळ सुताराच्या पटाशीचं चित्र आहे, म्हणून लाकूड + पटाशी = सुतारकामाचं झाड, असं बऱ्याच व्हिडिओंत सांगतात. बरोबर का? दोन, हे अक्षर शवपेटीचं आहे, म्हणून नावात ठेवू नये असंही वाचलं.

शाईदौत
पहिली शंका. प्राचीन अस्थिलेखांत शिन हे कुठल्यातरी अणकुचीदार हत्याराचं चित्र असावं, इथवर बहुतेक जण येतात. कुठलं हत्यार, यावर मतं फुटतात. पण या अक्षरात शिन अर्थासाठी आलेलाच नाही. 'श्वोवन'मध्ये स्पष्ट म्हटलंय: लाकूड हे अर्थाचं अंग, आणि 'त्साय' हे ध्वनीचं अंग, संक्षिप्त केलेलं. त्साय म्हणजे छप्पर आणि त्याखाली शिन. छप्पर गाळलं, शिन उरला. म्हणजे उजव्या बाजूला दिसतो शिन, पण काम करतो त्साय.

'संक्षिप्त ध्वनी' हे स्पष्टीकरण 'श्वोवन'मध्ये कधीकधी फार सैल वापरलंय आणि त्यावर शंका घेणं रास्त आहे. इथे मात्र दोन पुरावे आहेत. त्याच कोशात लगेच पर्यायी रूप दिलंय, ज्यात छप्पर गाळलेलं नाही: लाकूड अधिक पूर्ण त्साय, १४ रेघा. दुसरं, पाण्याचं चिन्ह अधिक पूर्ण त्साय असं एक अक्षर आजही चालू आहे आणि त्याचा उच्चार आपल्या अक्षरासारखाच, तिसऱ्या सुरातला त्स. त्साय आणि त्स आज दूर वाटतात, पण प्राचीन चिनीत त्यांची यमकं जुळत.

त्या पाणीवाल्या अक्षराचा अर्थ 'गाळ, चोथा' असा आहे. नाव ठेवताना कोणाला डावीकडे पाणी हवं असेल तर हा खड्डा लक्षात ठेवावा.

पटाशीची गोष्ट चटकन लक्षात राहते, म्हणून पाठांतराला वापरा. व्युत्पत्ती म्हणून सांगू नका.

जुनेपुराणे
दुसऱ्या शंकेचं उत्तर मी देतो, पण आधी बाकीचे अर्थ, म्हणजे शवपेटी कुठे बसते ते कळेल.

सर्वांत भारदस्त अर्थ गावाकडचा. 'सांग-त्स', म्हणजे तुती आणि त्स, ही जोडी मिळून अर्थ 'जन्मगाव'. उगम 'शीचिंग' या प्राचीन काव्यसंग्रहातल्या एका ओळीत: तुती आणि त्स दिसले तर आदर राखलाच पाहिजे. का? बाराव्या शतकातला भाष्यकार चू शी सांगतो की पूर्वी घराच्या भिंतीलगत ही दोन झाडं पुढच्या पिढ्यांसाठी लावून ठेवत; एक रेशीमकिड्यांच्या चाऱ्याला, दुसरं भांडी-अवजारांच्या लाकडाला. म्हणजे आदर झाडाचा नाही, ती लावणाऱ्या आईबापांचा. आपल्याकडे परसातला आजोबांनी लावलेला फणस तोडताना जे वाटतं, ते एका शब्दात बसवलंय.

दुसरा अर्थ छपाईचा. 'फू-त्स', शब्दशः 'त्सच्या हवाली करणं', म्हणजे पुस्तक छापायला देणं. लाकडी ठशांची छपाई होती तेव्हापासूनचा शब्द, आणि ऑफसेट-डिजिटलनंतरही लेखक प्रस्तावनेत तो वापरतात. गंमत म्हणजे प्रत्यक्षात ठसे बहुतांशी पेअर आणि बोर-वर्गातल्या झाडांच्या लाकडाचे असत. इतके, की निरुपयोगी पुस्तक छापणाऱ्याला 'पेअरवर संकट, बोरीवर आपत्ती' असा टोमणा आहे. मान त्सला, घाव पेअरला.

तिसरा, सुतार. 'खाओकुंग ची' या कारागिरीच्या प्राचीन ग्रंथात लाकूडकामाचे सात व्यवसाय दिलेत, त्यांतला एक त्स-रन, 'त्स-माणूस'. त्याचं काम घंटा टांगायच्या चौकटी, पेयाची पात्रं आणि धनुर्विद्येची लक्ष्यं बनवणं. च्वांगत्स या प्राचीन तत्त्वज्ञाच्या ग्रंथातला छिंग नावाचा सुतार याच व्यवसायाचा. त्याने कोरलेली घंटेची चौकट भुतांनी केल्यासारखी वाटते, म्हणून लू राज्याचा अधिपती त्याला रहस्य विचारतो. तो सांगतो: तीन दिवस उपास केला की बक्षिसाचा विचार जातो, पाच दिवसांनी निंदा-स्तुतीचा, सात दिवसांनी आपल्याला हातपाय आहेत हेही विसरतो, मग रानात जाऊन झाड बघतो. इथे त्स हे आडनाव नसून धंदा आहे, जसं आपल्याकडे 'सुतार'.

चौथा, मुलगा. 'छ्याव-त्स' म्हणजे बापलेक. चौ घराण्याच्या सामंताला भेटायला त्याचा मुलगा आणि धाकटा भाऊ तीनदा गेले आणि तीनदा मार खाऊन आले. एका जाणत्याने त्यांना डोंगर दाखवला: उन्हाच्या अंगाला ताठ उभा छ्याव, सावलीच्या अंगाला वाकलेला त्स. पहिला बापाची रीत, दुसरा लेकाची.

आता शवपेटी. 'त्स-कुंग' म्हणजे 'त्स-महाल', हा शब्द सम्राट आणि सम्राज्ञी यांच्या शवपेटीसाठी. लाकूड कुजत नाही म्हणून. सामान्य माणसाच्या शवपेटीला हा शब्द कधीच नव्हता. अक्षर अशुभ मानायचं तर चंदनही चितेवर जातं म्हणून मुलीचं नाव चंदना ठेवायचं नाही, असं होईल.

तिरकी_रेघ
जुनेपुराणे, चंदनाची उपमा थोडी सैल आहे. चंदन चितेवर जातं, पण चितेचं नाव चंदन नाही. त्स-कुंग हा शब्दच शवपेटीचं नाव आहे. टाळणाऱ्या कुटुंबांना वेड्यात काढू नये, एवढंच. बाकी सहमत.

घबाड
पण एवढी सगळी पुण्याई माहीत असून आईबाप हे अक्षर निवडतात असं समजायचं कारण नाही. निवड बहुधा तीन गोष्टींवर होते: पंचतत्त्व, रेघा, कानाला गोड लागणं.

जन्माचं वर्ष, महिना, दिवस, वेळ यांची प्रत्येकी दोन अशी आठ अक्षरं मांडतात आणि त्यात लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी यांपैकी काय कमी आहे ते बघतात. लाकूड कमी निघालं की लाकडाचं चिन्ह असलेलं अक्षर घालून तूट भरायची. आपल्याकडे नक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षर निघतं, म्हणजे ध्वनी ठरतो. तिकडे अक्षराचा डावा कोपरा ठरतो. पाणी लाकडाला पोसतं, म्हणून जोडीला पाण्याच्या चिन्हाचं 'हान' (भिजवणं, सामावणं). त्सहान नावाचं अर्ध रहस्य इथेच.

रेघांची पद्धत म्हणजे 'पंचकोष्टक'. प्राचीन म्हणून विकतात, पण ती कुमासाकी केनओ या जपानी माणसाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडली आणि नंतर चीनमध्ये गेली. तीत रेघा आजच्या रूपावर न मोजता खांगशी कोशाच्या रूपावर मोजतात. घोळ इथे होतो:
त्स: आज ११, खांगशीतही ११.
हान: आज ११, पण पाण्याचं चिन्ह ३ ऐवजी ४ धरतात, म्हणून १२.
श्युआन (दिनलिलीचं फूल): आज १२, गवताचं चिन्ह ३ ऐवजी ६, म्हणून १५.
श्युआन (उंच पुढ्याचा रथ): सरलीकृत ७, पारंपरिक १०.
दोन ज्योतिषी वेगळं भाकीत देतात तेव्हा नव्वद टक्के भांडण ग्रहांचं नसून मोजदादीचं असतं. (टक्केवारी माझी, मनातली.)

आता कान. वर दोन श्युआन आले, सूर दोघांचा सारखाच. फुलाचा श्युआन मुलींना, रथाचा मुलांना. दिनलिली आईचं प्रतीक आहे, म्हणून मुलीच्या नावात ती शोभते. पण हाक मारताना फरक शून्य! त्यात 'मूल' या अर्थाचं त्स (५बी५०) आणि 'जांभळा' या अर्थाचं त्स हेही तिसऱ्या सुराचेच. म्हणजे बालवाडीत 'त्सश्युआन' म्हटलं की सहा वेगवेगळी लिखित नावं 'ओ' देऊ शकतात. चिनी आंतरजालावर याची यथेच्छ टर उडवतात.

सुमीकागद
जपानबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. तिथे हेच अक्षर एकट्याने पूर्ण नाव होतं: 'आझुसा'. मुलींचं जास्त, मुलग्यांचंही चालतं. चिनी मुळाचा उच्चार 'शी', पण तो नावात क्वचित. नावांसाठी परवानगी असलेल्या अक्षरांच्या यादीत हे १९७६ साली आलं, त्या वर्षी वाढवलेल्या २८ अक्षरांपैकी एक.

मात्र जपानी आझुसा हे झाडच वेगळं. अक्षर चीनमधून आलं, आणि ते स्थानिक शब्दावर चिकटवताना झाड बदललं. आझुसा म्हणजे मिझुमे, भूर्जाच्या प्रजातीतलं बेटुला ग्रोस्सा, हे मत आज बहुतेकांना मान्य आहे. खरा कॅटाल्पा ओव्हाटा तिथे 'किसासागे' म्हणून ओळखला जातो. त्यामुळे जपानी आझुसाचा अर्थ 'कॅटाल्पा' लिहिणं वनस्पतीच्या अंगाने चूक.

तिथे या लाकडाचं धनुष्य करत. सरकारी इतिहासात ७०२ साली काई प्रांताने ५०० आणि शिनानो प्रांताने १०२० आझुसा-धनुष्यं दरबारात पाठवल्याची नोंद आहे. धनुष्याची दोरी छेडून मृतात्म्यांना बोलावणाऱ्या बायकांना 'आझुसा-मिको' म्हणत. जुन्या कवितेत 'आझुसा-युमी' हे 'ताणणे' वगैरे क्रियापदांच्या आधी येणारं ठरीव विशेषण. आणि शिनानो म्हणजे आजचं नागानो. तिथल्या कामिकोची खोऱ्यातून वाहणारी नदी आझुसा, आणि शिन्जुकूहून मात्सुमोतोला जाणारी गाडीही आझुसा. जपानी माणसाला हे नाव ऐकून आधी पहाडी पाणी आठवतं, जन्मगाव किंवा छापखाना नाही. छपाईचा अर्थ 'जोशी' या शब्दात तेवढा शिल्लक आहे, पुस्तक प्रकाशित करणं. (हो, जोशीच. आडनावाचा संबंध नाही.)

कोरियात याचे 'जे' आणि 'जा' असे दोन उच्चार, आणि झाड पुन्हा तिसरंच: मांचुरियन अक्रोड. व्हिएतनामी उच्चार 'तू'.

ओळखपत्र
ज्यांना कागदपत्रं हाताळावी लागतात त्यांच्यासाठी. हे एकच अक्षर रोमन लिपीत असं येतं: चीनच्या पासपोर्टवर झेड-आय. तैवानमध्ये बहुधा टी-झेड-यू. हाँगकाँगमध्ये टी-एस-झेड. हा शेवटचा प्रकार बघून 'स्वर राहिला वाटतं' म्हणून मध्ये ए किंवा यू घालू नका, स्पेलिंग पूर्ण आहे. मात्र कँटनीत तिथे खरोखर 'ई' येतो, म्हणून हाँगकाँगच्या माणसासाठी देवनागरीत 'त्सी' लिहा.

रोमन नावावरून उलट दिशेने अक्षर ओळखू नका. झेड-आय म्हणजे मूल, जांभळा किंवा हे झाड, काहीही असू शकतं, आणि मूल असण्याचीच शक्यता जास्त. भाषांतरात 'नावाचा अर्थ अमुक' लिहायच्या आधी चिनी अक्षरातलं नाव मागून घ्या. चिनी लोकही एकमेकांना विचारतात, आणि उत्तराची ठरलेली पद्धत आहे: 'मू-त्स-फांग, शिन-खू-द शिन'. म्हणजे बाजूला लाकूड, आणि 'शिनखू' (कष्ट) या शब्दातला शिन. यात 'मू-त्स-फांग'मधला त्स हा 'अक्षर' या अर्थाचा, चौथ्या सुराचा. तो आपला नव्हे.

सावळागोंधळ
शंका फिटल्या, आभार. एक शेवटची. नावाचा दगडी शिक्का करून घ्यायचा असेल तर अक्षर असंच राहतं का?

शाईदौत
नाही. शिक्क्याला मुद्रालिपी वापरतात. तिथे लाकडाच्या चिन्हाच्या वरच्या फांद्या वर वळतात, खालची मुळं खाली. अर्ध्या सेंटिमीटरच्या जागेत कारागीर शिनच्या आडव्या रेघा समान अंतरावर बसवतो, आणि तिथे एक रेघ जास्त पडली तरी चटकन कळत नाही. दगड कोरण्याआधी कागदावरचा आराखडा मागा आणि आरशात तपासा, कारण शिक्क्यावर अक्षर उलटं कोरलेलं असतं: लाकूड उजवीकडे, शिन डावीकडे. कोणी तुम्हाला १४ रेघांचं छपरासकट जुनं रूप सुचवलं तर कोशात ते बरोबर आहे, पण बँकेत नोंदवायच्या शिक्क्यासाठी घेऊ नका. ओळखपत्रावर जे रूप आहे त्याचीच मुद्रालिपी हवी.